आलोच

शंभरापैकी बासष्टाव्या पेशीवर ती पोचली होती, तेव्हा शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, "बाई, हे 'आलोच' म्हणजे भारीच आहे हां."

सूक्ष्मदर्शकावरून डोळे न उचलता तिनं विचारलं, "कोण आलं?"

"आलं कुणी नाही हो. बुद्धिबळातली सुरुवात आहे एक. तुमच्या दादांच्या पुस्तकात. आमचे हे रविवारी त्यांच्या वर्गाला जातात ना, त्यांनी आणलं. तुम्हाला दाखवलं नाही त्यांनी?"

मोजणीयंत्राच्या कळीवर ठेवलेलं तिचं बोट तसंच राहिलं. काचेखाली कुणातरी अनोळखी माणसाचं रक्त जांभळ्या ठिपक्यांनी पसरलेलं होतं. बासष्ट की त्रेसष्ट, हे तिला आता सांगता आलं नसतं. तीस वर्षांत मोजणी चुकली नव्हती असं नाही, पण चुकली की कुठं चुकली ते तिला कळायचं. या वेळी मधला एक क्षणच कुणी उचलून नेल्यासारखा नाहीसा झाला. तिनं यंत्र शून्यावर आणलं, हातमोजे काढले आणि हात पुढं केला. पुस्तक पातळ होतं, पिवळ्या कव्हराचं. 'खुळ्या सुरुवाती'. पाठीमागं दादाचा फोटो, हनुवटीला हात लावून विचारात पडलेला. तिनं पहिलं पान उघडलं. तिथं छापलं होतं: 'वयाच्या बाराव्या वर्षी मला सांध्यांचा ताप आला. अकरा महिने मी अंथरुणाला खिळून होतो. वेळ जाता जाईना, म्हणून गुडघ्यांवर पट ठेवून मी या वेड्यावाकड्या सुरुवाती शोधून काढल्या आणि गंमत म्हणून त्यांना नावं दिली. धाकटी बहीण समोर बसायची. समोर कुणीतरी लागतंच.'

"छान लिहितात ना?" सहकारी म्हणाली. "आणि केवढं सोसलंय लहानपणी. कधी बोलला नाहीत तुम्ही."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तसं काही आधी झालंच नाही. आधी फक्त आश्चर्य वाटलं, रस्त्यात एखाद्या परक्या माणसाच्या अंगावर आपलाच कोट दिसावा, बाहीवरच्या रफूसकट, तसं. मग तिनं ती ओळ पुन्हा वाचली. समोर कुणीतरी लागतंच. आणि तेव्हा मात्र मानेपासून कानांपर्यंत गरम काहीतरी चढत गेलं. सुरुवाती घेतल्या, ठीक. नावं घेतली, तेही एक वेळ समजलं असतं. पण या माणसानं तिचा ताप घेतला होता. दुखणं चोरणारा माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता.

त्या दुपारी तिनं ती काचपट्टी तीनदा मोजली. शेवटी रिपोर्टाचा कागद सहीसाठी आत पाठवला, जसा रोज पाठवायची. मोजायचं तिनं आणि सही डॉक्टरांची, ही कामाची रीत होती. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. आज मात्र डॉक्टरांनी वर न बघता ज्या सहजपणे पेन फिरवलं, त्याकडं ती दारात उभी राहून बघतच राहिली. "काही हवंय?" त्यांनी विचारलं. "नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका तुसडा निघाला की डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं.

ती नऊ वर्षांची होती, दादा बारा. ताप आला तेव्हा आधी उजवा गुडघा सुजला, मग डावा, मग मनगटं, मग बोटांची पेरं. चादरीचं वजनसुद्धा सोसायचं नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयाला झळ पोचलीय, पोरीला हलू देऊ नका. हलू नको हेच औषध. अकरा महिने तिनं खिडकीच्या वरच्या अर्ध्या भागातून जग पाहिलं: समोरच्या इमारतीची गच्ची, वाळत घातलेले कपडे आणि आकाशाचा एक तुकडा. वडिलांनी कुठूनसा बुद्धिबळाचा पट आणून दिला. कसं खेळायचं ते एकदाच सांगितलं आणि ते कामावर निघून गेले. दिवसभर ती आणि ती बत्तीस लाकडी माणसं. नीट खेळायचा तिला लवकरच कंटाळा आला. नीट खेळणारे जगात पुष्कळ असतील, तिला वेगळं काहीतरी हवं होतं. कुणीच खेळणार नाही अशा पहिल्या चार खेळ्या. आणि एकदा का त्या खेळ्या सापडल्या की त्यांना नाव हवं, नावाशिवाय त्या संध्याकाळपर्यंत टिकायच्या नाहीत, मनातून निसटायच्या. दर आठवड्याला डॉक्टर यायचे, त्यांची जड बॅग नेमकी पटाच्या कोपऱ्यावर आदळायची, सोंगट्या आडव्या व्हायच्या. त्यावरून 'डॉक्टरांची बॅग': कडेचं प्यादं दोन घरं ढकलायचं आणि मागून अख्खा हत्ती बाहेर आणायचा. हत्ती दोन खेळ्यांत मरायचा, पण दणका काय! वरच्या मजल्यावरच्या काकू गुडघे धरून जिना चढायच्या, प्रत्येक पायरीवर थांबून कुणाला ना कुणाला शिव्या घालायच्या. त्यांचा 'काकूचा जिना': तीन प्यादी पायरी पायरीनं तिरकी वर. 'आईची झोपमोड', 'उसनं हसू', 'इंजेक्शनच्या आधी', 'इंजेक्शननंतर'. शेवटच्या दोघींच्या खेळ्या त्याच होत्या, फक्त उलट्या क्रमानं, आणि या विनोदावर ती एकटीच इतकी हसली होती की छातीत कळ आली आणि आई धावत आली.

लिहायचं काम मात्र दादाचं. तिला पेन्सिल धरवत नसे. दादाचं अक्षर सुरेख होतं, शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला त्यालाच बोलवायचे. संध्याकाळी तो पलंगाच्या कडेवर बसायचा, ती खेळून दाखवायची, तो हरायचा किंवा जिंकायचा, आणि मग विचारायचा, "नाव काय या खुळीचं?" ती सांगायची, तो लिहायचा. कधी हसून लोटपोट व्हायचा. हे ती नाकारत नव्हती. तो हसायचा म्हणून तर दुसऱ्या दिवशी नवी शोधावीशी वाटायची. चाळीस झाल्या, वही संपली, ताप उतरला. पुढं ती एकवीस वर्षांची होईपर्यंत तिला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिन टोचलं गेलं आणि बुद्धिबळ सुटलं. दादानं मात्र ते धरलं, स्पर्धा जिंकल्या, वर्ग काढला. लोक त्याला 'सर' म्हणू लागले. वही त्याच्याकडं राहिली. त्याच्याकडंच राहणार, अक्षर त्याचं होतं.

संध्याकाळी घरी पोचल्या पोचल्या, चपलाही न काढता तिनं फोन लावला. वहिनीनं उचलला. "ठकूताई! पुस्तक मिळालं का? मी म्हणतच होते यांना, एक प्रत ठकूताईंना द्या..."

"दादाला दे."

दादा प्रसन्न होता. "बोल ठके. वाचलंस?"

"ताप तुला कधी आला होता रे?"

तो हसला, वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्याला बघून हसतात तसं. "असं काय करतेस? अकरा महिने! तू लहान होतीस, तुला काय आठवणार. त्या खोलीच्या छताला ओलीचा डाग होता, उंटासारखा, एका कुबडाचा. मला अजून डोळे मिटले की दिसतो."

"तो मी दाखवला होता तुला."

"ठके, तू समोर बसायचीस. छान खेळायचीस तू, मी नाही म्हणत नाही. पण गल्लत होते, वय झालं आपलं. आई पण शेवटी शेवटी तुझ्या नावानं मला आणि माझ्या नावानं तुला हाक मारायची की नाही?" मग आवाज खाली आणून, समजुतीनं तो म्हणाला, "तुला वाईट वाटलं का? पुढच्या आवृत्तीत घालतो ना. 'बहिणीच्या सहकार्यानं' असं घालतो."

सहकार्यानं! तिनं फोन ठेवला नाही, आपटला. वहिनीचा मागून आलेला आवाज, "पुस्तकच आहे ना एक, जाऊ दे म्हणावं," अर्ध्यात तुटला. तिनं चहा करायला ठेवला आणि ती विसरली, आधण आटून भांडं काळं झालं. ते घासता घासता ती मोठमोठ्यानं बोलत होती. जाऊ दे. दादाच्या लग्नात तिच्या खोलीत पाहुणे उतरवले, जाऊ दे. आजारी आईकडं रात्री हिनं बसायचं आणि डॉक्टरांशी बोलायला दादा, जाऊ दे. आयुष्यभर तिनं जाऊ दिलेल्या गोष्टी एकावर एक रचल्या असत्या तर या स्वयंपाकघराचं दार उघडलं नसतं.

पण रागाच्या तळाशी दुसरंच काही हलत होतं आणि ते तिला रागापेक्षा जास्त नकोसं होतं. तो किती खात्रीनं बोलला. उंटासारखा डाग. खोटं बोलणाऱ्याचा आवाज असा नसतो. आणि तिला तरी काय आठवत होतं? दुखणं आठवतं का माणसाला? दुखत होतं हे आठवतं, दुखणं नाही. त्या खोलीत दोन पलंग होते. पलंगावरची मुलगी तिला बाहेरून का दिसत होती, पलंगाच्या कडेवर बसून बघितल्यासारखी? शुक्रवारी ती कामावर गेली आणि दिवसभर दुसऱ्यांचं रक्त बघत राहिली. मधल्या सुट्टीत कोपऱ्यात जाऊन तिनं कुणाचा तरी स्टेथोस्कोप घेतला आणि ब्लाउजच्या आतून स्वतःच्या छातीवर ठेवला. धप्प, आणि त्याला चिकटून आलेली बारीकशी फुसफुस. नीट न मिटणाऱ्या झडपेतून मागं गळणारं रक्त. सत्तेचाळीस वर्षं ती फुसफुस तिथंच होती. ती डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत राहिली. हे दादाच्या छातीत नव्हतं. हे तो छापून घेऊ शकत नव्हता. तरीही तिला वाटलं, असा पुरावा काय कामाचा, जो प्रत्येकाला छाती उघडून ऐकवावा लागतो?

शनिवारी सुट्टी होती. तिनं पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं आणि कामावर जशी मोजायची तशी एकेक सुरुवात बोट ठेवून मोजली. एकोणचाळीस. पुन्हा मोजल्या. एकोणचाळीसच. मग कागद घेऊन आठवतील तशी नावं लिहीत गेली आणि प्रत्येकापुढं खूण करत गेली. शेवटी एका नावापुढं खूण नव्हती. 'ठकीचा ठसका'. एके संध्याकाळी खेळताना तिला खोकल्याची उबळ आली, गुडघा उडाला, आणि घोड्यापुढचं प्यादं घरंगळत नेमकं दोन घरं पुढं जाऊन उभं राहिलं. दादा म्हणाला, झाली खेळी, आता परत घ्यायची नाही. ती म्हणाली, मी नाही खेळले, खोकला खेळला. मग त्यांनी तो डाव खरंच पुढं खेळून बघितला. ते नाव दादानं ठेवलं होतं. चाळिसांत तेवढं एक नाव त्याचं होतं आणि ते त्याचं आहे हे तिनं कधीही, कुणापुढंही कबूल केलं असतं. तेवढंच त्यानं गाळलं होतं. कारण त्यात ती होती, तिचा खोकला होता, तिचं आजारपण होतं. ज्याला आठवत नसतं तो माणूस विसरताना इतकं निवडून विसरत नाही.

तिला हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याचाच संताप आला. दोन दिवस, दोन पूर्ण दिवस या माणसानं तिला तिच्या स्वतःच्या शरीराची साक्ष काढायला लावली होती.

रविवारी सकाळी ती वर्गाला गेली. छापखान्याच्या वरचा लांबट हॉल, शाईचा वास, पत्र्याच्या खुर्च्या, भिंतीवर चुंबकाच्या सोंगट्यांचा मोठा पट. पुस्तक आल्यामुळं नेहमीपेक्षा गर्दी होती, मुलं होती, त्यांचे आईबाप होते, निवृत्त मंडळी होती. वहिनी पहिल्या रांगेत, नवीन साडीत. सहकारीही नवऱ्याबरोबर आली होती, तिनं हात हलवला. दादानं तिला दारातच पाहिलं आणि क्षणभर त्याचा हात पटावर अडखळला, पण तो सावरला. "या या! ही माझी बहीण बरं का. पुस्तकात आहे ती हीच. माझ्याकडून हरण्यात हिचं अख्खं बालपण गेलं." लोक हसले. वळून वळून तिच्याकडं कौतुकानं बघू लागले. ती सगळ्यात मागच्या रांगेत, भिंतीला टेकून बसली. तिनं काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. बोलायचं की नाही तेही नाही.

दादा चांगला बोलायचा. एकेक सुरुवात पटावर मांडायचा, तापातल्या दिवसांचं काहीतरी जोडून द्यायचा. पेरं कशी सुजायची ते त्यानं बोटं वाकडी करून दाखवलं. त्या वाकड्या बोटांकडं बघताना तिची स्वतःची बोटं मांडीवर आवळली गेली.

तेवढ्यात मधल्या रांगेतला एक टकला म्हातारा उभा राहिला. शिंपी होता, दुकान मुलाकडं देऊन बुद्धिबळ शिकायला यायचा. "सर, एक विचारू? हे 'आलोच' माझ्या डोक्यात शिरत नाही. घोडा बाहेर काढायचा आणि दुसऱ्या खेळीला परत घरी ठेवायचा. समोरच्याच्या दोन खेळ्या झाल्या, आपलं सगळं जिथल्या तिथं. यात आलोच कुठाय? हे तर गेलोच झालं!"

हॉल हसला. दादाही हसला. "अहो, धमकी आहे ती! घोडा नुसता डोकावून जातो. समोरच्याला सांगतो, सांभाळून राहा, आलोच मी!"

"चूक," ती म्हणाली.

आपण उभ्या आहोत हे तिला खुर्ची मागं सरकल्याच्या आवाजावरून कळलं. माना वळल्या.

"धमकी नाही ती. हा शाळेतून यायचा. दप्तर माझ्या पलंगावर फेकायचा आणि दारातून ओरडायचा, 'आलोच गं!' आणि मैदानावर पळायचा ते दिवे लागेपर्यंत यायचा नाही. मला उठायची बंदी होती. मग मी घोडा बाहेर काढायची आणि परत घरी आणून ठेवायची. म्हटलं, निदान घोडा तरी येऊ दे." तिला धाप लागली. "समोरच्याच्या दोन खेळ्या होतात आणि आपलं सगळं जिथल्या तिथं, असं म्हणालात ना तुम्ही? तसंच होतं ते. अकरा महिने."

शिंपी हळूच खाली बसला.

"झालं," दादा म्हणाला. तो अजून हसत होता, पण ओठांनीच. "ही लहानपणापासून अशीच. हरली की पट उधळायची." एकदोघं हसली आणि थांबली. "ठके, आपण बाहेर बोलू."

"बाहेर नाही. पुस्तक तू आत वाटलंस."

"अहो ठकूताई..." वहिनी उठली.

"वहिनी, तू बस. दादा, वहीत किती होत्या?"

"आता काय आकडे..."

"चाळीस होत्या. चाळिसावी कुठाय? तू नाव ठेवलेली. एकुलती एक तुझी! ती का नाही छापलीस?"

त्याच्या हातात चुंबकाचा घोडा होता. तो त्यानं पटावर लावला, सरळ केला, पुन्हा काढला. साठीला आलेला माणूस, हजारभर मुलांना शिकवलेला, आणि त्याचे कान दहा-बारा वर्षांच्या पोरासारखे लाल झाले होते. "मला वाटलं..." तो म्हणाला आणि थांबला. मग पटाकडंच बघत, फक्त तिच्याशीच बोलावं तसं बोलू लागला, हॉल जणू रिकामाच होता. "आधी मी 'आमच्या घरी' असं म्हणायचो. बहिणीला ताप होता, असंच सांगायचो. खरंच. मग मुलं विचारायची, सर, मग तुम्ही तेव्हा काय करत होता? दरवर्षी कुणीतरी विचारायचंच. काय सांगू? चेंडू खेळत होतो? एकदा म्हटलं, मलाच होता ताप. किती सोपं झालं सगळं. मुलं गप्प बसून ऐकायला लागली."

तिला कळलं. एका क्षणात सगळं कळलं: दारातून ओरडून पळणारा तो मुलगा, मैदानावर अंधार पडेपर्यंत मुद्दाम रेंगाळणारा, कारण घरात दुखण्याचा वास होता, आणि पुढं कितीतरी वर्षं तिच्याच पलंगावर चढून पडून राहिलेला, म्हणजे दारातून पळालेला तो मुलगा आपण असू नये. हॉलमधल्या चेहऱ्यांवर आता तिला ती मऊ, ओलसर छटा दिसू लागली. सहकारी तर डोळे पुसत होती. आता या बाईनं पुढं जावं, भावाच्या खांद्यावर हात ठेवावा, असं सगळ्यांना वाटत होतं. आणि तेच तिला सहन होईना. कळलं म्हणून राग उतरलाच पाहिजे, असा कुठला कायदा होता? जे कळायचं ते तिनंच कळून घ्यायचं, आणि वर हिनंच मोठं मन दाखवायचं! आत कुठंतरी झडप फडफडत होती, दम पुरत नव्हता, तरी ती खाली बसली नाही.

"मला नाव नकोय पुस्तकावर," ती म्हणाली. "सुरुवाती ठेव तुझ्याकडं, खेळ त्या, शिकव. मला त्यातलं काही परत नको. ताप कुणाला होता ते सांग यांना."

"सांगितलं ना आत्ता..."

"मला सांगितलंस. यांना सांग."

दादानं वर पाहिलं. आधी वहिनीकडं, मग शिंप्याकडं, मग त्या सगळ्या मुलांकडं. घसा खाकरला.

"ताप तिला होता," तो म्हणाला.

पहिल्या दोन रांगांच्या पलीकडं ते पोचलं नसावं. मागच्या खुर्चीतला एक माणूस शेजाऱ्याला विचारत होता, काय म्हणाले, काय म्हणाले?

"मोठ्यानं," ती म्हणाली.